पाचवा वार

फौजदार तालमीच्या हॉलवर पोहोचले, तोवर नायकाला दवाखान्यात हलवलं होतं. बिनधारेची तलवार, पण डोळ्यातच लागली होती आणि डोळा गेला होता. ऐतिहासिक संगीत नाटकाचा पहिला प्रयोग आठवड्यावर आलेला. तलवार होती खलनायकाच्या हातात, आणि नायकाची भूमिका आधी त्यानेच मागितली होती. सगळे त्याच्याकडे बोट दाखवून मोकळे झाले होते.

"मुद्दाम मारलंस?"

"नाही साहेब. लढाई आकडे मोजत चालते. पाचव्या आकड्याला माझा वार प्रेक्षकांच्या बाजूने, त्याने मागच्या पडद्याकडे झुकायचं. लढाई बसवणाऱ्या मास्तरांनी असंच शिकवलंय."

"दोघांना एकत्र?"

"वेगवेगळं. समोर मास्तर स्वतः उभे राहतात. आम्ही आजच समोरासमोर आलो."

"आणि एकदम वेगात?"

"आधी सावकाश करतात. पण मास्तर म्हणाले, ते काल झालं. काल तर हॉल बंद होता. पण त्यांच्यापुढे तोंड कोण उघडणार?"

फौजदारांनी दवाखान्यात फोन लावला. नायक कसाबसा बोलला. "मला प्रेक्षकांकडेच झुकायला शिकवलं होतं."

मास्तर खुर्चीत बसले होते, शेजारी नाच बसवणारी त्यांची बायको. "नायकाने पाचव्याला काय करायचं?" विचारताच मास्तर ताडकन उठले. सत्तरी उलटलेली, तरी पावलं कशी नेमकी पडत होती. चौथ्या आकड्यानंतर त्यांनी बायकोकडे पाहिलं. तिचं बोट हळूच पडद्याकडे वळलं. मास्तर पडद्याकडे झुकले.

फौजदारांनी तिला बाहेर थांबायला सांगितलं आणि पुन्हा विचारलं. आता मास्तर प्रेक्षकांकडे झुकले, तितक्याच ऐटीत.

बाहेर येऊन फौजदार म्हणाले, "बाई, दोन्ही पोरं खरं बोलतायत. खलनायकाला शिकवताना तुम्ही हजर होतात. नायकाच्या वेळी शेजारच्या खोलीत नाच बसवत असणार. मास्तरांच्या लक्षात राहत नाही, आणि तुम्हाला ते ठाऊक आहे. कधीपासून?"

"चार महिने." ती म्हणाली. "काम सुटलं तर ते खचतील, म्हणून मी खुणा करत राहिले. गुन्हा माझा आहे, साहेब."

फौजदारांनी दारातून आत पाहिलं. एक निरपराध मुलगा मान खाली घालून बसला होता. "जबाब द्यावा लागेल, बाई."

"देते. त्याला सोडा." ती दाराशी थांबली. "ह्यांना मात्र मीच सांगते, की तुमच्या शिकवण्यात एका मुलाचा डोळा गेला. उद्या सकाळी तालमीला निघतील, तेव्हा पुन्हा सांगावं लागेल."