चहा टेकडीवर मांडलाय!

"पाडव्यानंतर आमी बेलापूरकडं चाललो, ऊसतोडीला. माझी शाळा संपली!" मनकर्णा म्हणाली, आणि टेकडीवर तिघांचं जे निवांत लोळणं चाललं होतं ते थांबलं.

१९७२ सालची दिवाळीची सुट्टी होती. नगरहून मामाकडे आलेली सुमेधा उताणी पडून ढगांना नावं देत होती. ढग एकच असल्यामुळे घाई नव्हती.

"पण गावात दुष्काळी काम निघणार होतं ना?"

"कुठलं! सर्कलसायेब पिकाची आणेवारी लावत्यात," गहिनीनाथ म्हणाला. हा सरपंच आप्पासाहेबांचा पुतण्या. "सोळा आणे म्हंजी भरपूर पीक. सहाच्या वर गेलं की दुष्काळ न्हाई, मंग कामबी न्हाई. आपल्याला दरसाल दहा लागत्यात. आजबी सायेब येनारेत."

"दहा? इथे?"

तिघांनी खाली पाहिलं. उन्हात सगळा माळ संथ हलत होता, झोपेत दिसावा तसा. वितीएवढी होऊन वाळलेली ज्वारी पार आभाळापर्यंत. मधेच विहिरीकाठी एक हिरवा चौकोन.

"त्यो आप्पांचा मळा!" गहिनीनाथची छाती फुगली. "सायबांची सतरंजी तिथंच घालत्यात. सावली, चहा, भाजल्याल्या शेंगा..."

"तिथेच का?"

"मंग पाव्हण्याला करपल्या रानात बसवत्यात व्हय?"

सुमेधा उठून बसली. "आणि साहेब बसल्या बसल्या आणेवारी ठरवून टाकतात?"

"व्हय. नजरपाहणी म्हंत्यात त्याला."

मनकर्णा त्या चौकोनाकडे बघत हळूच म्हणाली, "मंग चहा हितं आणला तर?"

तेवढ्यात लांबवर जीपचा धुरळा उठला. तिघं सुसाट खाली!

साहेब मळ्यात पोचले तेव्हा सतरंजी नव्हती, किटलीही नव्हती.

"सायेब, चहा टेकडीवर मांडलाय!" गहिनीनाथ ओरडला.

"कुनी सांगितलं रं?" आप्पासाहेब गरजले. पण पाहुण्यासमोर चहाला नाही कसं म्हणणार? साहेब चहाच्या मागे निघाले, आप्पासाहेब साहेबांच्या मागे.

वर वारा होता. साहेबांनी घोट घेतला, समोर पाहिलं आणि कप तसाच हातात राहिला.

"हे सगळं याच गावाचं?"

"व्हय," मनकर्णा म्हणाली.

"आणि तो हिरवा ठिपका?"

"तिथं तुमी बसता."

चहा निवला. शेवटी साहेबांनी वही काढून लिहिलं: तीन आणे.

"सायेब, आमची ज्वारी तरी बघा!" आप्पासाहेब कळवळले.

"चांगली आहे की. एकटीच आहे."

आठवड्यात रस्त्याचं काम निघालं. आप्पासाहेबांनी चावडीवर पोरांच्या पाठी थोपटल्या. "लई हुशार पोरं! माझ्याच वळनावर गेल्यात!"

मनकर्णाच्या बापाने ऊसतोडीचा कोयता आढ्याला परत खोचला. ती धावत सुमेधाच्या मामांकडे, म्हणजे शाळेच्या गुरुजींकडे आली.

"गुरुजी, शाळा कधी उघडायची?"

ऐन सुट्टीत हा प्रश्न हसत हसत विचारणारं मूल गुरुजींनी वीस वर्षांच्या नोकरीत प्रथमच पाहिलं.