तीनशे बारा फरश्या

"पाय उचला."

तो माझ्याशी बोलला ते हे पहिले दोन शब्द. मी जुन्या स्टेशनच्या तिकीट-हॉलमध्ये मोजपट्टी हातात धरून छताकडे बघत उभी होते, आणि खाली कुणीतरी गुडघ्यावर बसून माझ्या बुटाकडे वैतागून बघत होतं.

"अख्खा हॉल मोकळा आहे," मी म्हणाले. "तुम्हाला हीच फरशी हवी?"

"अख्खा हॉल मोकळा आहे. तुम्हाला हिच्यावरच उभं राहायचंय?"

मी पाय उचलला. एकच. दुसरा मुद्दाम तिथेच ठेवला. त्याने मान वर केली... केसांत, भुवयांवर, पापण्यांवर दगडाची पिठी... आणि तो हसला. त्या दिवशी मी छताचं माप चुकीचं लिहिलं, आणि ते दोन दिवसांनी लक्षात आलं.

तो फरशीवाला, मी नकाशेवाली. सव्वाशे वर्षांचं स्टेशन पुन्हा उभं करायचं काम चाललं होतं. हॉलची दगडी फरशी उचलून खालची ओल काढायची आणि प्रत्येक दगड पुन्हा त्याच्याच जागी बसवायचा, असा आमच्या मॅडमचा हुकूम होता. मॅडम म्हणजे या कामाच्या मुख्य आर्किटेक्ट. हट्ट उगाच नव्हता. इतक्या वर्षांत काही दगड झिजून खोलगट झाले होते, काही तसेच होते. जागा चुकली की कडा वर येणार आणि प्रवासी तोंडावर आपटणार.

म्हणून त्याची माणसं दिवसभरात उचललेल्या फरश्या भिंतीला ओळीने टेकवून जायची. मग मी प्रत्येकीच्या पाठीवर कोपऱ्यात पांढऱ्या ऑइलपेंटने आकडा घालायचे आणि तोच आकडा नकाशात लिहायचे. दुसऱ्या दिवशी फरश्या हौदात जायच्या. पाठीला चिकटलेला जुना चुना सुटावा म्हणून पाण्यात थोडं अ‍ॅसिड असायचं. ते मापून घालायचे त्याचे मामा. त्यांनीच त्याला हे काम शिकवलं होतं. पेंट त्या पाण्याला दाद देत नसे.

खडू मात्र साध्या पाण्यालाही दाद देतो.

शेवटच्या ढिगाच्या दिवशी माझा पेंटचा डबा संपला. नवा आणायला गोदामात जावं लागलं असतं. गोदाम पटरीच्या पलीकडे, आणि मी कंटाळले होते. यापेक्षा मोठं कारण सांगता आलं असतं तर मलाच बरं वाटलं असतं. मी खडूने आकडे घातले, उद्या सकाळी वरून पेंट फिरवू म्हटलं आणि घरी गेले. सकाळी मॅडमनी मला ऑफिसात बसवलं, तिथे तीन दिवस गेले आणि मी साफ विसरले. खडू पांढरा, पेंटही पांढरा. कुणाला काय कळणार?

चौथ्या दिवशी हॉलमध्ये त्या ढिगाच्या तीनशे बारा फरश्या स्वच्छ, कोऱ्या पाठी करून उभ्या होत्या.

मी पोचले तेव्हा तो मॅडमसमोर हात मागे बांधून उभा होता. "हौदात माप चुकलं," तो सांगत होता. "अ‍ॅसिड जास्त पडलं, पेंट खाऊन टाकला. चूक माझी. माझ्या हौदाची."

"पण मी नेहमीएवढंच..." मागून मामा म्हणाले.

"मामा, राहू द्या," तो हळूच म्हणाला. "डोळे आता पूर्वीसारखे नाहीत तुमचे."

मामा मागे सरकले. मला तोंड उघडायचं होतं, शब्दही तयार होता, दोन अक्षरांचा... पण मॅडमचा चेहरा बघून मी तो गिळला. संध्याकाळी सांगू, म्हटलं. संध्याकाळी वाटलं, उद्या. एकदा उद्यावर ढकललेली गोष्ट रोज थोडी जड होत जाते. आठ दिवसांत ती माझ्याच्याने हलेना.

आता त्या फरश्या जागेवर लावायच्या कशा? त्यानेच उपाय काढला. "झीज वाचू," तो म्हणाला. "लोक कुठे उभे राहिले, कुठे वळले, ते दगड सांगतील. तुम्ही नकाशा धरा, मी दगड धरतो."

असे आम्ही दोघं रोज हॉलमध्ये. उंच खिडक्यांतून उन्हाचे चौकोन खाली उतरायचे, ओल्या दगडाचा वास, वर पारवे. तो फरशीवर तळवा फिरवायचा, डोळे मिटून. मी त्या तळव्याकडे बघत राहायचे आणि मग घाईने नकाशात डोकं घालायचे.

"इथे या," तो म्हणायचा. "तिकिटाच्या खिडकीशी उभ्या राहा. प्रवासी राहतो तशा."

"अशी?"

"एवढ्या ताठ? तिकीट काढायचंय, पदक घ्यायचं नाहीये. थोडं वाका." मग तो खिडकीच्या आत जाऊन जाळीतून बघायचा. "बोला, कुठलं देऊ?"

"जिथे गाडी जात नाही तिथलं."

"एक की दोन?"

मी खाली बघितलं. माझी पावलं नेमकी कुठे पडली आहेत, ते त्याने बाहेर येऊन गंभीर चेहऱ्याने खडूने आखलं. खडूने! मला घाम फुटला.

"काय झालं?"

"काही नाही. उकडतंय."

"खिडकी उघडू?"

"नको. तुम्ही... तुम्ही काम करा."

तो इतका चांगला वागायचा की मला त्याचा राग येऊ लागला होता. दुपारी डबा खाताना म्हणायचा, "माझ्यामुळे तुमचं काम दुप्पट झालं. मला फार लाजल्यासारखं होतं." मी भाजी पुढे सरकवायचे. घरी आईने विचारलं, "जेवताना सारखी जमिनीकडे काय बघतेस गं? काही सांडलंय का?" प्रेमात पडलेली माणसं म्हणे आरशात बघतात. मी आरसा टाळत होते.

मामा आता हौदावर दिसत नव्हते. मी एकदा विचारलं. "घरीच असतात," तो म्हणाला आणि विषय बदलला.

तिसऱ्या आठवड्यात आमचं अडलं. पंचवीसेक फरश्या उरल्या, सगळ्या खोलगट, आणि तिकिटाच्या खिडक्या दोनच. दोन्हींपुढची जागा भरली होती. त्याने उरलेल्या फरश्या नुसत्या मांडून बघितल्या, कडेला कडा जुळवत. ओळ सरळ गेली आणि एका कोऱ्या भिंतीशी जाऊन थांबली.

"भिंतीपुढे कोण रांग लावतं?" मी म्हणाले.

"पूर्वी इथे काय होतं?"

"पुस्तकांचा स्टॉल. फळ्यांखाली फरशी दिसतच नव्हती. मळाचा थर होता नुसता."

त्याने बोटांनी भिंत वाजवली. ठक, ठक... मग बद्द. आम्ही एकमेकांकडे बघितलं. मॅडमच्या परवानगीने गिलावा काढला तेव्हा आत विटांनी बुजवलेली तिसरी खिडकी निघाली. चौकटीवरच्या पुसट अक्षरांवरून, सर्वांत स्वस्त तिकिटांची. तिच्यापुढचा दगड इतर दोन्हींपेक्षा खोल झिजला होता. कुठल्याच जुन्या नकाशात ती नव्हती. स्टेशनचा इतिहास लिहिणाऱ्यांनी ती रांग मोजलीच नव्हती. आनंदाने त्याने माझा हात धरला, धरलेला लक्षात आल्यावर सोडला, आणि "धूळ लागली," म्हणाला. धूळ आधीपासूनच होती.

चुकीतून चांगलंच निघालं, असं मी स्वतःला सांगून बघितलं. ते मला एक रात्रसुद्धा पुरलं नाही.

शनिवारी मॅडमनी सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं. आधी माझं नाव घेऊन टाळ्या वाजवायला लावल्या. तिसरी खिडकी शोधली म्हणून. सगळ्यांत जोरात तोच वाजवत होता. मग त्यांनी कागद उलटला. "फलाटाच्या फरशीचं काम मात्र दुसऱ्या माणसांना देतेय. हौदाचा प्रकार पुन्हा परवडणार नाही."

त्याने मान हलवली. कबूल असल्यासारखी.

"खडू होता," मी म्हणाले.

"काय?"

"आकडे खडूने घातले होते. मी. पेंट संपला होता आणि मला आणायचा कंटाळा आला. अ‍ॅसिड बरोबर होतं. हौद बरोबर होता. यांची काही चूक नाही. मी तीन आठवडे... मला माहीत होतं."

माझे कान तापले होते. मॅडमनी चष्मा काढून पुसला आणि शांतपणे सांगितलं की फलाटाचं काम त्याच्याकडेच राहील, आणि मी सोमवारपासून स्टेशनातल्या जुन्या कड्या-बिजागऱ्यांची यादी करायला बसेन. ही शिक्षा मला मिळायलाच हवी होती. पण मी त्यांच्याकडे बघत नव्हते. तो बाहेर निघून गेला होता.

मी फलाटावर त्याला गाठलं. "शिव्या द्या," मी म्हणाले. "पण बोला."

"मला काही झालं नाही," तो म्हणाला. त्याचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "मी मामांना हौदावरून काढलं. सगळ्यांसमोर त्यांचे डोळे गेले म्हणालो. ज्यांनी मला छिन्नी धरायला शिकवलं त्यांना म्हटलं, तुम्ही आता घरी बसा."

तोवर मला वाटत होतं की मला लाज वाटते आहे. लाज काय असते ते तिथे कळलं.

"मला त्यांच्याकडे न्या."

त्याने नकार दिला नाही. पुढे चालू लागला, मी मागे.

मामांची खोली दुसऱ्या मजल्यावर. दार उघडंच होतं. मामा खिडकीशी बसले होते, पुढ्यात पाण्याची बादली, हातात मापाचं भांडं. ते भांडं भरायचे, उजेडात धरून रेघ बघायचे, ओतायचे, पुन्हा भरायचे. तीन आठवडे तो माणूस स्वतःचा हात तपासत होता.

त्याने दाराशी मला पुढे केलं, आणि मी उंबऱ्यातच सगळं सांगितलं. एक शब्द मऊ केला नाही.

मामांनी भांडं खाली ठेवलं. "म्हणजे माप बरोबर होतं माझं," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "पोरी, पहिल्याच दिवशी का नाही बोललीस?"

"भीती वाटली."

"आणि नंतर?"

"नंतर..." मला रडू येत होतं, आणि रडताना माणूस विचार करून बोलत नाही. "नंतर हे आवडायला लागले. मग तर जमेचना. सांगितलं असतं तर तोंडही बघितलं नसतं त्यांनी माझं."

खालून सायकलची घंटी ऐकू आली. मी काय बोलून बसले ते मला तेव्हा कळलं.

"ऐकलंस का रे?" मामांनी माझ्या मागे बघत विचारलं.

"ऐकलं."

"मग?"

"आधी तुमची माफी मागतो," तो म्हणाला. पुढे येऊन त्याने मामांचे दोन्ही हात धरले आणि तसाच बसून राहिला. मामांनी एक हात सोडवून त्याच्या डोक्यावर टपली मारली. "डोळे म्हणे गेले माझे! तुझे कुठे होते?"

मग तो उठला, माझ्यासमोर येऊन उभा राहिला. पापण्या लाल होत्या.

"मला खूप राग आलाय," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"लगेच जाणार नाही तो."

"किती दिवस राहील?"

"काय माहीत." त्याने खिडकीकडे बघितलं, मामांकडे बघितलं, मग नाइलाज झाल्यासारखं माझ्याकडे. "रोज संध्याकाळी इथे येऊन बघत जा... गेला का ते."

मी रोज गेले. राग सोळा दिवस टिकला. त्यानंतरही मी का येते आहे, हे मामांनी एकदाही विचारलं नाही.