शेवटच्या प्रसंगाला पाच गुण

हे घडलेलं आहे. सौम्याचे पुढचे दोन दात आजही नाहीत. खोटं वाटत असेल त्याने तंजावरला जाऊन बघून यावं.

गेल्या ऑगस्टचा चौथा रविवार. तंजावरच्या मेल वीथी रस्त्यावरचा लग्नाचा मंडप, म्हणजे तिकडचं मंगल कार्यालय. दुपारचे साडेतीन, बाहेर लख्ख ऊन. आणि आत साठ माणसं पोट धरून हसत होती.

सौम्या आणि तिचा मोठा भाऊ सांबशिव दर रविवारी तिथे जुने सिनेमे दाखवायचे. त्या महिन्यात लोकांनी एकच सिनेमा पुन्हा पुन्हा मागितला. साठ वर्षांपूर्वी मद्रासवाल्यांनी काढलेला, काळा-पांढरा. एक शास्त्रज्ञ बरणीत सरडा वाढवतो, सरडा माणसाएवढा होतो आणि गावभर माणसं फाडत सुटतो. राक्षस म्हणजे रबरी पोशाखातला माणूस. पाठीवरची चेनसुद्धा दिसते! शेवटी तो जवळच्याच तिरुवैयारू गावच्या कालव्याकाठी तडफडून मरतो. तब्बल चार मिनिटं.

त्या चार मिनिटांत लोक हसून लोळायचे.

खेळ संपला की सौम्या चिठ्ठ्या वाटायची. आवडलेला प्रसंग कोणता, पाचपैकी गुण किती. लोक तमिळमध्ये लिहायचे. 'याच्यापेक्षा आमचे हेडमास्तर भयानक.' 'ओव्हरॲक्टिंग, पण शेवट झकास. पाच गुण.'

आणि दर वेळी एक चिठ्ठी जास्त निघायची...

देवनागरीत लिहिलेली.

सौम्याच्या घरासारखी तंजावरची मराठी घरं मराठी बोलतात, पण देवनागरी वाचणारा शोधून सापडत नाही. सौम्याला वाटलं, कोणा म्हाताऱ्याने श्लोक लिहून आशीर्वाद दिलाय. अम्माने चिठ्ठीला हळदकुंकू लावलं आणि देवापुढे ठेवली. तीन रविवार, तीन चिठ्ठ्या. रोज सकाळी नमस्कार चालला होता, आणि वाचली एकानेही नाही.

चौथ्या रविवारी चिठ्ठ्यांतूनच आलेली फर्माईश होती... शेवटचा प्रसंग स्टेजवर करून दाखवा. सांबशिव पडला हौशी. त्याने हुबेहूब पोशाख शिवून घेतला, पाठीवर चेन लावून.

सव्वातीनला सौम्या कॅमेऱ्याची बॅटरी न्यायला घरी आली. तिरुवैयारूहून आलेली नागलक्ष्मी आत्या देवापुढे उभी होती. आत्या लहानपणी वडिलांकडून पोथी वाचायला शिकलेली. तिच्या हातात त्या तिन्ही चिठ्ठ्या होत्या.

"हे कोण ठेवलं ग देवापुढं?"

"अम्मा ठेवली. श्लोक आहे ना?"

"श्लोक काय! तिन्हीत एकच आहे." आत्याने वाचून दाखवलं. "'शेवटचा प्रसंग. ते नाटक नव्हतं. श्वास कोंडला होता. हसू नोका. मज भाइर काढा.' आणि खाली... 'व्यंकोजी.'"

"कोण व्यंकोजी?"

"माझे काका ग. सिनेमात राक्षस होतो म्हणून गेले. कालव्यावरून चटईत गुंडाळून आणलं त्यांना. हृदय बंद पडलं म्हणून सांगितलं आम्हांस." आत्याने सौम्याचा दंड धरला. "सांबशिव कोठ आहे?"

सौम्या अनवाणीच पळाली.

मंडपाच्या दारातच हसणं ऐकू आलं. स्टेजवर राक्षस गडाबडा लोळत होता. साठ मोबाईल उंचावलेले. राक्षसाने खांबावर डोकं आपटलं. एकदा... दोनदा... तिसऱ्यांदा रबरातून रक्त आलं. कोणीतरी शिट्टी मारली.

"सूप्पर! पाचाला पाच!"

"हसू नका! मरतोय तो!" सौम्या किंचाळली. लोकांना तेही नाटकच वाटलं.

तिने पाठीवरची चेन ओढली. चेन हलेना. पंजा फिरला आणि तिचे दोन दात स्टेजवर सांडले. तोंडातलं रक्त तसंच गिळून ती मंडपाच्या स्वयंपाकघरात गेली, भाजीचा सुरा घेऊन आली, भावाच्या पाठीवर बसली आणि मानेपासून कमरेपर्यंत सरळ चिरत गेली. रबर कापलं. खाली पाठही कापली. तिला कळत होतं, पण थांबली असती तर तो गेलाच असता.

सांबशिवला तिने बाहेर ओढलं. काळानिळा पडलेला. तीन बरगड्या मोडलेल्या. गळ्यावर दहा बोटांचे वळ.

त्याचे स्वतःचे हात तर पंज्यांत अडकलेले होते...

आणि तो बाहेर आल्यावरही, स्टेजवर पडलेला तो रिकामा पोशाख श्वास घेत होता. वर... खाली... वर... खाली...

आता कोणी हसत नव्हतं.

पोशाख त्याच संध्याकाळी जाळला. व्हिडिओ मात्र अजून फिरतो आहे, आणि खाली लोक अजून अभिनयाची तारीफ करतात. सौम्या ती वाचते आणि ढसाढसा रडते.

सांबशिव वाचला. पाठीला बेचाळीस टाके पडले. आवाज कायमचा गेला. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर त्याने खुणेने कागद मागितला आणि एक ओळ लिहिली.

देवनागरीत.

सांबशिवला देवनागरीतलं एकही अक्षर येत नाही. सौम्यालाही नाही. पण ती ओळ वाचून घ्यायला आत्याची गरज पडली नाही. तीन आठवडे ती त्याच ओळीपुढे हात जोडत होती. मज भाइर काढा.

आता तो घरी असतो. जेवतो, झोपतो. आणि दर रविवारी दुपारी साडेतीनला उठतो, सदरा काढतो आणि सौम्याकडे पाठ करून बसतो. मानेपासून कमरेपर्यंतचा तो लांब व्रण तिच्यासमोर धरून... वाट बघत.

घरातले सगळे सुरे सौम्याने कुलपात ठेवले आहेत. किल्ली ती गळ्यात घालते. गेल्या रविवारी तिचा हात त्या किल्लीवर गेला होता.