पडद्यावरचा तांबडा ठिपका

नव्या मॉनिटरवर मोहरीहून बारीक तांबडा ठिपका चमकत होता. शाल्मलीने चित्र बदललं, तरी तो तिथेच.

“कुंकू उडालं असेल,” आई म्हणाली. नऊ दिवस खोकं तसंच ठेवून, आज पाडव्याच्या मुहूर्तावर तिने मॉनिटर बाहेर काढला होता आणि त्याच्या पांढऱ्या चौकटीला हळदकुंकू वाहिलं होतं. तिने पडदा पुसला. ठिपका गेला नाही. “डोळ्यांना त्रास नाही ना गं होणार याचा?”

शाल्मलीने मॉनिटर बंद केला. ठिपका नाहीसा! “बघ आई, कुंकू असतं तर आताही दिसलं असतं. हा आतला आहे.”

सातवीतल्या शाल्मलीचा गट दुर्बिणीने टिपलेल्या चित्रांत लघुग्रह (सूर्याभोवती फिरणारे लहानमोठे खडक) शोधत होता. आकाशाच्या एकाच भागाची, काही मिनिटांच्या अंतराने टिपलेली आजची तीन चित्रं सहाच्या आत तपासायची होती; त्यांत तारे जागेवर राहतात, लघुग्रह सरकलेला दिसतो. “मी ठिपकेच तर शोधते,” ती रडवेली झाली. “हा खोटा ठिपका मध्ये असला तर कशावर विश्वास ठेवू?”

आईने कंपनीला कळवलं. अर्ध्या तासात तपासनीस यंत्रमानव दारात हजर झाला.

“चपला नाहीत, चाकं आहेत. पुसून येऊ?”

“ये रे बाबा, आधी हे बघ,” आई म्हणाली.

“पडद्यावरचं चित्र लाखो पिक्सेलांचं (बारीक चौकोनी ठिपक्यांचं) असतं,” यंत्रमानव सांगू लागला. “प्रत्येकात तीन खिडक्या: लाल, हिरवी, निळी. तिन्ही उघडल्या की पांढरा, तिन्ही मिटल्या की काळा. पिक्सेल मेला तर तो कायम काळा राहतो. तुमचा मेलेला नाही, अडकलाय. त्याची लाल खिडकी मिटत नाही.”

त्याने पडदा काळा केला. ठिपका लाल. पांढरा केला, तर ठिपका गायब.

“पांढऱ्यात लाल खिडकी उघडीच असते, म्हणून!” शाल्मली म्हणाली.

“मग हिरव्यावर कसा दिसेल?”

तिने विचार केला. “लाल आणि हिरवा प्रकाश मिळून... पिवळा?”

पडदा हिरवा झाला. मधोमध पिवळा ठिपका!

“शाबास. आता परतीचं. कारण न देता परत करायला दहा दिवस मिळतात. आज दहावा.”

“दहावा कसा? आजच उघडलाय की!” आई दचकली.

“ताई, दिवस घरी पोचल्यापासून मोजतात. आणि वस्तू आली तशीच हवी. चौकटीला पिवळा डाग आहे.”

आईने साबण लावून खसाखसा घासलं. कुंकू निघालं, हळद बसली ती बसलीच. “माझंच चुकलं गं,” ती पुटपुटली.

“मग बिघडलेला म्हणून परत घ्या!” शाल्मली म्हणाली.

“त्याला किमान तीन पिक्सेल खराब लागतात. या पडद्यात वीस लाखांवर पिक्सेल, म्हणजे साठ लाखांवर खिडक्या. प्रत्येकीला सूक्ष्म बटण. एखादं अडकतंच. एकेका ठिपक्यासाठी पडदे फेकले तर ते फार महाग होतील.”

“पण तो एक माझ्याच पडद्यावर आहे ना!”

यंत्रमानव म्हणाला, “याचं उत्तर माझ्या नियमांत नाही. कंपनीला कळवतो. एक मात्र सांगतो. दुर्बिणींच्या कॅमेऱ्यांतही खराब पिक्सेल असतात. शास्त्रज्ञ त्यांच्या जागांची यादी ठेवतात आणि तेवढे वगळतात.”

तो गेला तेव्हा पाच वाजले होते. शाल्मलीने माउसचा बाण ठिपक्यावर नेऊन त्याची जागा वाचली आणि वहीत टिपली: डावीकडून नऊशे बारावा पिक्सेल, वरून चारशे तिसावा. मग पहिलं चित्र दोन बोटं उजवीकडे सरकवलं. तारे सरकले, लाल ठिपका जागेवरच राहिला.

“आई, खरे ठिपके चित्राबरोबर चालतात. खोटा पडद्याला चिकटून राहतो. आता मी फसणार नाही.”

ती तिन्ही चित्रं आलटून पालटून लावू लागली. आई मागे उभी राहून डोळे बारीक करून बघत होती.

“शालू, थांब. तो कोपऱ्यातला फिकट बघ. मघाशी त्या दोन ताऱ्यांच्या डावीकडे होता ना?”

शाल्मलीने चित्र सरकवलं. फिकट ठिपका ताऱ्यांबरोबर सरकला. म्हणजे तो पडद्याचा नव्हता. पहिल्या चित्रात ताऱ्यांच्या डावीकडे, दुसऱ्यात मध्ये, तिसऱ्यात उजवीकडे. बाकीचे सगळे जिथल्या तिथे.

सहाला सात मिनिटं कमी असताना तिने नोंद पाठवली. तो खडक नवा की आधीच सापडलेला, हे वेधशाळा आठवड्याने कळवणार होती. नोंदीत शोधणाऱ्यांची नावं लिहायची होती. शाल्मलीने दोन लिहिली.