बादलीवरच्या तीन रेघा

जपानमधल्या कोतो भागात, एका इमारतीखाली, बुधवारी सकाळी, एक माणूस कचऱ्यातून प्लॅस्टिकच्या बाटल्या वेचत होता. पाऊस बारीक होता, पण तो पुरता भिजला होता. त्याच इमारतीत राहणारी सुप्रभा ऑफिसला निघाली होती; ती छत्री धरून थांबली आणि जपानीत म्हणाली, "इथलं काही उचलायचं नसतं."

त्याला जपानी कळलं नाही. तो स्वतःशीच पुटपुटला, "आता ही बाई पोलीस बोलावणार."

"बोलावू का?" तिने मराठीत विचारलं.

त्याच्या हातातली बाटली पडली.

त्याचं नाव गुणवंत. चौथ्या मजल्यावरच्या रेखाताईचा धाकटा भाऊ, महिनाभराच्या सुट्टीवर आलेला. केनियाच्या उत्तरेला, उजाड मुलखात, तो लहान विमान उडवत औषधं पोचवायचा.

"आमच्या धावपट्टीवर बायका झाकणाच्या बाटलीसाठी भांडतात. दूध न्यायला," तो म्हणाला. "आणि बाटल्यांना वजन नसतं. मला वजनाचं बघावं लागतं."

"कुणाच्या?"

"सगळ्यांच्या. प्रवासी आधी काट्यावर, मग विमानात." त्याने तिच्याकडे पाहिलं. "तुम्ही... छत्रीसकट चोपन्न."

"त्रेपन्न," ती म्हणाली, आणि मग तिला स्वतःचाच राग आला.

संध्याकाळी रेखाताईच्या दाराशी धुतलेल्या बाटल्यांची पिशवी होती. दुसऱ्या दिवशीही होती. तिसऱ्या दिवशी पिशवीसोबत सुप्रभाही होती. मग दोघं रोज कालव्याच्या काठाने चालायला लागले, आणि 'अहो'चं 'अरे' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही.

जायच्या आदल्या दिवशी त्याने विचारलं, "येशील तिकडे?"

ती काही बोलायच्या आत त्यानेच सगळं सांगून टाकलं. दिवसाला एक बादली पाणी. वीज संध्याकाळी दोन तास. पत्र्याची खोली, बुटात विंचू. पहिले तीन महिने तो रोज राजीनामा लिहायचा आणि सकाळी त्याच कागदाने चूल पेटवायचा.

"मग राहिलास कसा?"

"चौथ्या महिन्यात एक बाई विमानातच बाळंत झाली... मग कागद संपले."

"बूट झटकून घालायचे, एवढंच ना?" ती हसली. "मार्चपर्यंत माझं कॉन्ट्रॅक्ट आहे. मग बघू." असं म्हणत तिने त्याच्या जॅकेटची चेन गळ्यापर्यंत वर ओढली. त्याने ते 'हो' धरलं.

केनियात परतल्यावर पंधरा दिवसांतून एकदा तो शहरात जाई, तेव्हा तिचे मेल वाचायला मिळत. एकदा तिने लिहिलं, "आज एका बादलीत भागवलं. केस मात्र राहिले."

ती चेष्टा करतेय असंच त्याला वाटलं. त्याने उत्तर पाठवलं, "केसांसाठी माझी बादली देईन."

फेब्रुवारीत ती तिकडे जाण्यासाठीची लस घ्यायला दवाखान्यात गेली. दंडावरचे काळे-निळे डाग पाहून डॉक्टरांनी आधी रक्त तपासलं; आजार रक्ताचाच निघाला. तिचा मेल आला, एकाच ओळीचा – "मला येता येणार नाही. तू उडत राहा."

नवव्या दिवशी तो तिच्या दारात उभा होता.

"कोणी सांगितलं तुला?"

"ताईने."

"तिथे तुझी गरज आहे, गुणवंत."

"दुसरा पायलट आलाय."

"खरं?"

"नाही... पण येईल."

ती दाराला टेकून रडली. रडता रडता म्हणाली, "खोटंसुद्धा धड बोलता येत नाही तुला."

एप्रिलमध्ये रेखाताईच्या बैठकीच्या खोलीत त्यांनी हार घातले. तो सुप्रभाच्या घरी राहायला आला. एका कंपनीत विमानाच्या सुट्या भागांचे कागद तपासायचं काम त्याला मिळालं. उरलेला वेळ हॉस्पिटलात जाई. तिचं वजन तो आता मोजत नसे. उचलून घेतलं की कळायचंच. पुढच्या वर्षीच्या पानगळीत ती गेली.

महिन्याभराने केनियाहून निरोप आला, परत येतोस का. तो हो म्हणाला. घर रिकामं करताना वॉशिंग मशीनच्या मागे एक निळी बादली सापडली. आतल्या बाजूला काळ्या मार्करने तीन रेघा होत्या आणि प्रत्येक रेघेशी तिचं अक्षर. वर 'अंघोळ'. मध्ये 'भांडी'. अगदी तळाशी 'चहा – दोन कप'.

बादलीचा तो मेल आला तेव्हा या घरात ती एकटी राहत होती. नळाला गरम पाणी होतं, हवं तेवढं. तरी ती रोज एका बादलीत भागवत होती, आणि एक कप त्याच्यासाठी शिल्लक ठेवत होती.

गुणवंतने बादली वरपर्यंत भरली. तांब्याने बेताने अंघोळ केली. भांडी घासली. तळाशी राहिलेल्या पाण्यात चहा केला आणि दोन कपांत ओतला.

पाणी बरोबर पुरलं.

रेखाताई सामान बांधायला आली तेव्हा बॅगेचं वजन विमानाच्या तेवीस किलोच्या मर्यादेवर गेलं होतं. ती म्हणाली, "अरे, बादली कशाला नेतोस? तिकडे मिळत नाही का?"

"मिळते," तो म्हणाला, आणि बॅगेतून आपले बूट काढून बाजूला ठेवले. "पण ही तिने मोजलेली आहे."