राणीचं शेवटचं प्रकरण

"मॅडम, बंद नका करू! राणी आता त्याचं काळीज काढणार हाय!"

माझा हात फोनपाशीच थबकला. वाशी गावाजवळच्या त्या खवा भट्टीवर मी भेसळ तपासायला, नमुना घ्यायला आले होते, आणि ओट्यावरच्या फोनमधून एक घोगरा आवाज कुणाच्या तरी मरणाचं वर्णन करत होता. बोलणारा वाफेमागं होता, दोन्ही हातांत उलथणं धरून. हात थांबला की खवा बुडाला लागतो, त्यामुळं फोन वाचवायला त्याच्याकडं फक्त तोंड होतं.

"काळीज काढून काय करणार ती?"

"बरणीत ठेवणार. तिच्याकडं लई बरण्या हायत."

प्रकरण संपेपर्यंत मी उभीच राहिले. मग खव्यावर आयोडीनचा थेंब टाकला.

"निळं झालं तर?" त्यानं विचारलं.

"तर पिठाची भेसळ. तुमचा खवा तुळजापूरच्या पेढ्यात जाणार नाही."

"आन् न्हाय झालं तर?"

"तर... पुढच्या मंगळवारी परत येईन."

थेंब पिवळसरच राहिला. तो हसला.

अमरदीप बनसोडे. बीए झालेला. भट्टी त्याच्या वडिलांची, तात्यारावांची. आत भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, तिच्यावर मात्र धुराचा एक कण नाही.

मंगळवारचा मला नाद लागला. फोनवरच्या त्या ऐकायच्या पुस्तकात काळ्या नदीची एक राणी होती. प्रेमात पडणाऱ्यांची काळजं ती बरणीत बंद करायची. पहारेकऱ्याची मुलगी आणि एक तरुण आपापल्या बरण्या चोरून पळाले होते. नदी ओलांडली की राणीची सत्ता संपणार होती.

"ती भुताटकी बंद करा रं!" तात्याराव ओरडायला लागले, तेव्हा इयरफोन आले. एक माझ्या कानात, एक त्याच्या. त्याचे हात गुंतलेले, म्हणून घालायचा मीच. वाफेनं त्याचा कान ऊन झालेला असायचा... आणि माझी बोटं तिथं जरा जास्तच रेंगाळायची.

"हात काढ की. खवा लागंल."

"तू ढवळत राहा ना."

"ढवळतोयच. पण कुठल्या बाजूला, ते कळंना झालंय."

एका मंगळवारी मी म्हटलं, "घरी सांगितलंय मी. अमरदीप नावाचा एक... आहे म्हणून."

"आडनाव सांगितलंस?"

मी नमुन्याच्या डबीचं झाकण घट्ट केलं. उलथणं कढईला खरवडत राहिलं.

"मग अजून काहीच सांगितलं न्हाईस," तो म्हणाला. रागानं नाही. राग असता तर बरं झालं असतं.

"या आठवड्यात सांगते. शेवटचं प्रकरण तोवर ऐकायचं नाही."

"न्हाय ऐकत."

दोन दिवसांनी जेवताना आण्णांनीच, माझ्या वडिलांनी, विषय काढला. "त्या पोराचं आडनाव काय गं?"

चार अक्षरी सोपं आडनाव. दर आठवड्याला मी ते नमुन्याच्या डबीवर लिहीत होते.

"विचारलं नाही अजून."

आण्णांनी भाकरी मोडली. "आपल्यातलाच असंल ना?"

आईचा वाढायचा हात थांबला. मी ताटाकडं बघितलं.

"असेल," मी म्हटलं.

मंगळवारी भट्टीत शिरले तेव्हा अमरदीपनं एकदाच वर बघितलं. तेवढ्यात त्याला समजलं. मी पिशवीतून इयरफोन काढले, तर त्यानं नकारार्थी मान हलवली.

"ऐकलं म्या काल. शेवटचं."

"माझ्याशिवाय?"

"व्हय."

"मग? नदी पार करतात?"

त्यानं कढईच्या कडेचा खवा सोडवला.

"बुडतात दोघं. तू नको ऐकू, उगं रडशील."

"अमर—"

"नमुना घ्या, मॅडम. निवल्यावर चिकटतो."

मी नमुना घेतला. डबीवर आडनाव लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच नीट आलं.

परतीच्या बसमध्ये मी ते प्रकरण लावलं. पहारेकऱ्याची मुलगी बापासमोर उभी राहून म्हणते, हा माझा आहे, आणि त्याचा हात धरून पाण्यात उतरते. काळी नदी, जिला सगळं राज्य घाबरत होतं... पाणी गुडघ्यापर्यंतच येतं. दोघं पलीकडं जातात.

मी ते पुन्हा ऐकलं. दोघं पुन्हा पलीकडं गेले.

दारात आईनं विचारलं, "काय ऐकत आलीस गं एवढं?"

"एक गोष्ट. राक्षसी राणीची."

"शेवट तरी चांगला हाय का?"

"नाही," मी चप्पल काढत म्हटलं. "बुडाले दोघं."