बोटुकल्यांचा उपास

माशांचे म्हातारे डॉक्टर यायचे होते. आला तो त्यांच्या जागी नेमलेला नवा. तळ्याच्या बांधावरून घसरत, लसीचा बर्फाचा डबा तान्ह्या बाळासारखा छातीशी धरून…

“हसू नका,” तो म्हणाला. “मी पडलो तरी चालेल, डबा पडता कामा नये.”

माझं हसू विरलं. गेल्या साली अंगावर लाल चट्टे उठून आमच्या तळ्यातले झाडून सगळे मासे मेले होते. दुकानदारानं दिलेलं औषध मी खाद्यात कालवलं, पण जंतूंनी त्याला भीक घातली नाही. यंदाची ही दोन हजार बोटुकली, बोटाएवढी माशांची पिल्लं, गेली, तर बाबा तळं बुजवणार होते.

त्यानं त्यातला एक मासा ओंजळीत घेतला, पोट चाचपलं.

“हे जेवलेत. कालपासून उपाशी ठेवायचे होते ना? भरल्या पोटी भूल दिली तर दगावतील.”

मी आत्याकडे पाहिलं. आत्या आभाळाकडे पाहू लागली.

“कोवळी लेकरं ती! तोंड वासून बघत होती. मूठभर टाकलं, त्यात काय?”

“अगं आत्या, मासे तोंड वासूनच बघतात!”

तो खळखळून हसला. “उद्या येतो,” म्हणाला, आणि जाताना उगाचच मागे वळला.

दुसऱ्या दिवशी भुलीच्या पाण्यातून एकेक मासा उचलून मी उताणा धरायची, तो टोचायचा. हाताला हात लागायचा, पाण्यासारखा गार…

“औषधही देऊन ठेवू का?” मी विचारलं.

“आजार नसताना नको. जंतू सरावतात त्याला. मग खऱ्या वेळी ते ऐकत नाहीत.”

“आणि लस?”

“तीन आठवडे लागतील अंगी लागायला. तोवर… बघत राहायचं.”

“कोणी?”

“मी येईन ना!”

आणि तो येत राहिला. कधी पाणी तपासायला, कधी नुसताच. “या डॉक्टराला दुसरी तळी नाहीत का गं?” आत्या मुद्दाम मोठ्यानं विचारायची. त्याचे कान लाल व्हायचे.

चौथ्या आठवड्यात शेजारच्या, लस न टोचलेल्या तळ्यात मासे उलटे तरंगू लागले. तेच लाल चट्टे. मी निरोप पाठवायच्या आतच तो धापा टाकत आला, शर्टाची बटणं वरखाली लावलेली. जाळं टाकलं. एक मासा पाहिला, दहा पाहिले, तीस पाहिले. पोट, कल्ले, पर — सगळं लख्ख. तो मटकन बांधावर बसला.

“एवढे घाबरलात? सगळीकडेच टोचता ना तुम्ही?”

“सगळीकडे टोचतो,” तो म्हणाला. “पण लस फसली असती, तर तुमच्यासमोर उभं कसं राहिलो असतो? आणि मला तर… राहायचंय. रोज.”

तळ्यात बोटुकल्यांनी एकदम उसळी घेतली. मी त्याच्या शेजारी बसले, अगदी खेटून.

“रोज म्हणजे… रविवारीसुद्धा?”

“रविवारी जरा लवकर.”